शाळेची पारख कोणी करावी?

शास्त्रपाठ : दानीएल १:३–२०, लूक १५:३–७

बंगळुरूच्या उत्तरेस, बल्लारीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर येलहंका नावाचे उपनगर आहे. बंगळुरू शहर वसविणाऱ्या केंपेगौडांच्या घराण्याचे हे जुने ठाणे. २००७ साली ते त्या वेळच्या बृहत् महानगरपालिकेत विलीन झाले, २००८ साली त्याच्या पलीकडे देवनहळ्ळीस नवा विमानतळ सुरू झाला, आणि त्यानंतर या भागाचे रूप झपाट्याने पालटले. वसाहतींपाठोपाठ शाळा आल्या. आपल्या कोणा वाचकाची बदली तिकडे झाली आणि मुलाच्या प्रवेशासाठी तो शाळा पाहू लागला, तर त्याला एक नवीच भाषा ऐकावी लागते. ही शाळा कोणत्या मंडळाशी संलग्न आहे, हिला कोणत्या परदेशी संस्थेची अधिस्वीकृती आहे, तिची मुदत केव्हा संपते, हे प्रश्न तेथील पालक सहज विचारतात. अहमदनगर, जालना, मिरज किंवा वसई येथे वाढलेल्या आपल्या मनुष्याला याचे नवल वाटते. त्याच्या लहानपणी ‘मिशनची शाळा’ हे दोन शब्द हेच प्रमाणपत्र होते. त्यापुढे कोणी काही विचारीत नसे.

आज विचारतात, आणि विचारावे हेच योग्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र उत्तर देण्यापूर्वी आपण कोणत्या मापाने मोजले जात आहोत, हे ख्रिस्ती शाळाचालकांनी नीट समजून घेतले पाहिजे. या विषयात शब्दांचाच घोटाळा फार आहे, म्हणून प्रथम शब्द पाहू.

मान्यता ही शासनाची परवानगी होय. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने तिच्या अटी ठरवून दिल्या : पक्की इमारत, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, ग्रंथालय, प्राथमिक वर्गांना तीस मुलांमागे एक शिक्षक, पहिली ते पाचवीस वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीस २२० दिवस. संलग्नता म्हणजे परीक्षा कोण घेणार याविषयीचा संबंध, मग ते १९६५ च्या कायद्याखालील आपले राज्य मंडळ असो, केंद्रीय मंडळ असो, वा १९५८ साली स्थापन झालेली आयसीएसई परीक्षांची परिषद असो. अनुदान म्हणजे वेतनाचा व खर्चाचा भार शासनाने उचलणे. अधिस्वीकृती या तिहींहून निराळी आहे. ती शाळेने आपण होऊन मागावयाची असते, आणि ती देणारे बहुधा अधिकारी नसून दुसऱ्या शाळांतील शिक्षक व मुख्याध्यापकच असतात.

ही रीत अमेरिकेतली. तेथे शिक्षणखाते सर्व शाळांवर एकसारखी देखरेख ठेवीत नव्हते, तेव्हा शाळा व महाविद्यालये यांनी आपसांतच मंडळे स्थापून एकमेकांची पारख करण्यास आरंभ केला. त्यांपैकी न्यू इंग्लंडचे मंडळ १८८५ चे. पुढे ख्रिस्ती शाळांनी आपले वेगळे मंडळ काढले, ते १९७८ साली. त्याचे काम आज अनेक देशांत चालते. आपल्याकडे महाविद्यालयांसाठी ‘नॅक’ या नावाने सर्वांस परिचित असलेली परिषद १९९४ साली स्थापन झाली, आणि तिचे मुख्य कार्यालय बंगळुरूतच आहे. शाळांसाठी केंद्राने २०१५ साली शाळासिद्धी हा कार्यक्रम आणला. त्यात सात क्षेत्रे आणि सेहेचाळीस मानके आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर प्रत्येक राज्यात शालेय मानकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे असे सुचविले आहे. तेव्हा हे वारे येलहंक्यापुरते राहणार नाही.

अधिस्वीकृतीचे खरे काम पाहुणे येण्यापूर्वीच होते. शाळेने प्रथम स्वतःचा अभ्यास करावयाचा असतो. आपला हेतू काय, तो वर्गात कोठे दिसतो, मुले काय शिकली हे आपल्याला कशावरून कळते, पैसा कोठून येतो व कोठे जातो, तक्रार आली तर ती कोण ऐकतो, हे सर्व शिक्षकांनी एकत्र बसून लिहून काढावयाचे. या लिखाणास काही महिने सहज लागतात. मग बाहेरचा गट येतो, काही दिवस राहतो, वर्गात मागच्या बाकावर बसतो, शिपायापासून विश्वस्तांपर्यंत सर्वांशी बोलतो, आणि लिहिलेले व पाहिलेले यांत अंतर किती ते सांगतो. काही वर्षांनी पुन्हा येतो. यात खर्च आहे, आणि परदेशी मंडळाचा शिक्का घ्यावयाचा तर तो पुष्कळ आहे. गावातील पत्र्याच्या छपराखालील मराठी शाळेला तो झेपणार नाही. परंतु स्वतःचा अभ्यास करण्यास शुल्क लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. (काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांनी आयएसओ मानांकन मिळविण्याची मोठी लाट आली होती. भिंती रंगल्या, दप्तरे नीट लागली, गावाने वर्गणी दिली; हे सारे चांगलेच झाले. परंतु ते मानांकन कामकाजाच्या पद्धतीचे असते. चौथीतील मुलाला वाचता येते की नाही, हे ते सांगत नाही.)

दानीएलाने मागितलेली परीक्षा

बाहेरच्या मनुष्याने आपली परीक्षा का घ्यावी, असा प्रश्न पुष्कळ ख्रिस्ती संस्थाचालक विचारतात. आमचे काम प्रभूचे आहे, त्याचा हिशेब आम्ही प्रभूला देऊ, असे ते म्हणतात. हे बोलणे भक्तीचे वाटते खरे, परंतु शास्त्रपाठात याच्या उलट दिसते. दानीएल व त्याचे तीन सोबती बाबेलच्या राजवाड्यात खास्द्यांची विद्या व भाषा शिकले. अभ्यासक्रम परक्यांचा, शिक्षक परके, मुदत तीन वर्षांची, आणि शेवटी परीक्षक स्वतः नबुखद्नेस्सर. त्यांनी त्या परीक्षेस नकार दिला नाही. ती चुकविण्यासाठी आपल्या निराळ्या धर्माची सबब सांगितली नाही. जेथे विवेक आड आला, म्हणजे राजाच्या ताटातील अन्नाविषयी, तेथे मात्र दानीएल थांबला. आणि तेथेही त्याने सूट मागितली नाही, परीक्षाच मागितली. दहा दिवस आम्हांला शाकभाजी द्या, मग इतर तरुणांशी आमची तुलना करा आणि जे दिसेल त्याप्रमाणे वागा, असे त्याचे म्हणणे होते. शास्त्रात स्वेच्छेने मागितलेल्या पारखेचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

पौलही करिंथकरांस सांगतो की स्वतःला स्वतःच्याच मापाने मोजणारे शहाणे नव्हेत (२ करिंथ १०:१२). आपल्या शाळांच्या वार्षिक अहवालांतून हेच माप अनेकदा वापरलेले आढळते : गेल्या वर्षापेक्षा यंदा प्रगती, आणि स्थापकांच्या त्यागाचे स्मरण.

कायद्याच्या अंगानेही हा प्रश्न उभा राहतो. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. तो मोलाचा आहे, आणि महाराष्ट्रात त्याची कसोटी लवकरच लागली. १९५४ साली मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन व आशियाई वंशाबाहेरील मुलांखेरीज इतरांस घेऊ नये असा हुकूम काढला, तेव्हा देवळालीचे बार्न्स हायस्कूल चालविणारी संस्था न्यायालयात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरविला. परंतु त्याच न्यायालयाने १९५८ साली केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना हेही स्पष्ट केले की संस्था चालविण्याच्या हक्कात ती वाईट चालविण्याचा हक्क येत नाही. पहिला निर्णय आपल्याला पाठ असतो, दुसरा आपण विसरतो. २०१४ साली घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, २००९ च्या कायद्यातून वगळले. त्यामुळे दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याचे बंधन त्यांच्यावर राहिले नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या सवलतीविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. निकाल कसाही लागो. सवलत मिळाली म्हणून गरिबाच्या मुलाला दार बंद झाले काय, हा प्रश्न ख्रिस्ती शाळेला न्यायालयाआधी स्वतःस विचारता येतो. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालात देशातील अल्पसंख्याक शाळांतून सामाजिक व आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांचे प्रमाण नऊ टक्क्यांहूनही कमी असल्याचे म्हटले आहे. त्या अहवालाच्या हेतूविषयी व पद्धतीविषयी वाद घालता येईल. तो आकडा मात्र वाद घालून नाहीसा होत नाही.

निकालावर पैसा

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग येईल तो शिक्का घ्यावा आणि मोकळे व्हावे. तसे नाही. चुकीच्या मापाने काय होते याचा अनुभव आपल्याच प्रांतातील मिशन शाळांनी घेतलेला आहे, आणि तो आज पुन्हा आठवण्याजोगा आहे.

मुंबई इलाख्यातील पहिल्या मिशन शाळा कोणत्याही शिक्क्याविना चालल्या. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले व लवकरच त्यांनी शाळा काढल्या. मिस सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या, १८३९ साली अहमदनगरास गेल्या आणि मुलींच्या शिक्षणात आयुष्य घालवून १८६२ साली तेथेच मरण पावल्या. त्यांची अहमदनगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. त्या भेटीला निरीक्षकाची भेट म्हणता येत नाही, पण शाळेची पारख तिच्याहून चांगली झाल्याचे प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

१८५४ साली सर चार्ल्स वुड यांचा खलिता आला. त्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळण्याची वाट मोकळी केली. अट एवढीच की लौकिक शिक्षण चांगले असावे आणि सरकारी निरीक्षकाने ते पाहावे. धर्मशिक्षणाची चौकशी निरीक्षकाने करावयाची नव्हती. मिशन शाळांनी ही व्यवस्था स्वीकारली व त्यांचा विस्तार झाला. परंतु पुढे अनुदान कशावर द्यावे हा प्रश्न आला, तेव्हा इंग्लंडात १८६२ साली सुरू झालेली रीत इकडेही आली : निकालावर पैसा. निरीक्षक ठरलेल्या दिवशी येई, एकेका मुलाची वाचन, लेखन, गणित अशी इयत्तेप्रमाणे परीक्षा घेई, आणि जितकी मुले जितक्या विषयांत उतरतील तितके रुपये शाळेच्या पदरी पडत. वरवर पाहता याहून न्याय्य काय असेल? काम तसा दाम.

परिणाम मात्र विपरीत झाला. इंग्लंडात मॅथ्यू आर्नल्ड हे कवी स्वतः शाळानिरीक्षक होते. शाळा यांत्रिक होत आहेत आणि मुले वाचनाचे पुस्तक समजून न घेता पाठ करून येत आहेत, अशी त्यांची तक्रार असे. आपल्याकडे घाव आणखी खोल होता. सुगीला शेतावर जाणारा, दुपारी गुरे राखणारा, ज्याच्या घरी पाटी घेणेही जड जाते असा मुलगा या हिशेबात तोट्याचाच ठरतो. त्याच्यावर शिक्षकाने वर्षभर कष्ट केले तरी परीक्षेच्या दिवशी तो रुपया मिळवून देत नाही. ज्याला घरी शिकविणारे कोणी आहे, त्याच्यामुळे तो मिळतो.

१८८२ साली हंटर आयोग आला. त्याच्यापुढे फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे निवेदन सादर केले, त्यात या पद्धतीवर थेट बोट ठेवले आहे. अशिक्षित व गरीब लोकांत विद्येचा प्रसार करण्यास निकालावर पैसा देण्याची रीत मुळीच उपयोगी नाही, कारण त्यांच्यात विद्येची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. लक्षात घ्यावे की तपासणीस त्यांचा विरोध नव्हता. उलट, वर्षातून एकदा निरीक्षक येऊन काही साधत नाही, निदान तीन महिन्यांनी तरी यावे, आणि मधून मधून आगाऊ सूचना न देता यावे, असे त्याच निवेदनात त्यांनी मागितले. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनीही साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका तयार कराव्यात आणि तपासणीस स्त्रियाच नेमाव्यात, ही त्यांची मागणी होती. कोण पाहतो यावर काय दिसते हे अवलंबून असते, हे त्या जाणून होत्या. निकालावर पैसा ही रीत पुढे दोन दशके रेंगाळली आणि १९०४ च्या सरकारी शैक्षणिक ठरावाच्या सुमारास मोडीत निघाली.

ती खरोखर मोडली काय? दहावीच्या निकालानंतर शाळेच्या फाटकावर लागणारा शंभर टक्क्यांचा फलक आठवावा. तो फलक कसा तयार होतो, हे शिक्षकी पेशातील कोणालाही सांगावे लागत नाही. कच्चा मुलगा नववीतच अडकविला जातो. नाही तर त्याच्या पालकांना बोलावून गोड शब्दांत सुचविले जाते की याने सतरा नंबरचा फॉर्म भरावा. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून बसणाऱ्याचा अर्ज. शाळा सुटलेल्यांसाठी, नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तो आहे, आणि त्यांना तो वरदानच आहे. वर्गात बसलेल्या मुलाला वर्गाबाहेर काढून तो भरावयास लावणे ही निराळी गोष्ट. त्या मुलाचे नाव शाळेच्या निकालात येत नाही. निकाल शंभर टक्के लागतो.

आपल्या प्रभूच्या दाखल्यातील मेंढपाळाजवळ शंभर मेंढरे होती. एक हरवले तेव्हा नव्याण्णव हाती होती. कोणत्याही तपासनीसाने त्याला वरची श्रेणी दिली असती. फलक लावणारी शाळा त्या एका मेंढराचे नाव हजेरीपटावरून कमी करते व कळप पूर्ण असल्याचे सांगते. ख्रिस्ती शाळेत हे घडत असेल, तर भिंतीवरील वचने, सकाळची प्रार्थना आणि नाताळचा कार्यक्रम यांनी ती ख्रिस्ती ठरत नाही. वजनाच्या पिशवीत दोन प्रकारची मापे ठेवण्याविषयी अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात जे सांगितले आहे ते बाजारापुरतेच आहे, असे समजण्याचे कारण नाही.

म्हणून ख्रिस्ती शाळांची मानके ठरवावयाची तर बाहेरच्या मापात नसलेल्या काही गोष्टी आपण होऊन मोजल्या पाहिजेत. पाचवीत किंवा आठवीत दाखल झालेल्या मुलांपैकी दहावीस त्याच शाळेतून किती बसली, हा आकडा जनरल रजिस्टरावरून एका दुपारी काढता येतो. निकालाच्या टक्केवारीशेजारी तो छापावा. शिक्षकांचे वेतन दुसरे माप. अनुदानित शाळेत ते शासनाकडून येते. विनाअनुदानित वर्गांत मात्र शिक्षक ज्या रकमेवर सही करतो तीच त्याच्या हाती पडते काय, हे विश्वस्तांनी विचारावे, आणि याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून बसावे. तिसरे माप प्रवेशाचे. ज्या वस्तीसाठी मिशनऱ्यांनी शाळा काढली, त्या वस्तीतील किती मुले आज तिच्यात आहेत? शाळा तेथेच राहिली आणि दुरून बसने येणाऱ्या मुलांनी ती भरली, अशी ठिकाणे थोडी नाहीत. देणगी देऊ शकणाऱ्याचे मूल घेऊ नये असे कोणी म्हणत नाही. परंतु शेजारच्या मुलाला शुल्क जड झाले म्हणून तो गेला असेल, तर ते कोठे तरी लिहिलेले असावे.

मराठी माध्यमाविषयीही एक शब्द. पटसंख्या घटल्यामुळे मराठी मिशन शाळा बंद करून त्याच आवारात इंग्रजी शाळा काढणे हा आता नेहमीचा मार्ग झाला आहे. पालकांची इच्छा डावलता येत नाही, हे खरे. पण गुणवत्तेची चर्चा करताना इंग्रजी म्हणजेच दर्जा असे गृहीत धरले जाते, त्याला आधार नाही. अधिस्वीकृतीचे कोणतेही प्रामाणिक माप मूल काय शिकले हे विचारते.

शेवटी व्यवहाराचा प्रश्न. परदेशी मंडळाचे शुल्क परवडत नाही, शाळासिद्धीचे रकाने भरून झाले आहेत, मग करावे काय? एका धर्मप्रांतातील किंवा एका जिल्ह्यातील चार-पाच ख्रिस्ती शाळांनी, त्यांची मंडळी कोणतीही असो, एकमेकांची पारख करण्याचा करार करावा. प्रत्येक शाळेने आपला अभ्यास लिहावा. दुसऱ्या शाळांतून एक मुख्याध्यापक, दोन वर्गशिक्षक आणि शाळेशी संबंध नसलेली एक आई असा गट यावा. रमाबाईंची सूचना आजही लागू आहे. गटाने सांगितलेले विश्वस्तांच्या सभेत वाचावे व पालकांसही दाखवावे, नाही तर ते कपाटात राहील. आणि ही भेट स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात ठेवू नये. फुल्यांनी म्हटल्याप्रमाणे ती न कळविता व्हावी, आणि शक्य तर शाळेने नववीचे निकाल लावावयाच्या व दाखले द्यावयाच्या दिवसांत. पाहुण्यांनी प्रथम कार्यालयात जाऊन दाखल्यांचे पुस्तक मागावे, आणि वर्षभरात शाळा सोडून गेलेल्या मुलांपैकी दोघा-तिघांच्या घरी चहाला जावे.